फुप्फुसांची तपासणी, हृदयाचे रक्षण : दीर्घकाल धूम्रपान करणाऱ्या रुग्णांच्या संदर्भात

धूम्रपानाने फुप्फुसांचा कर्करोग होतो, ही गोष्ट आज सर्वसामान्य माणसालाही ठाऊक आहे. सिगारेटच्या पाकिटावरील आणि बिडीच्या कट्ट्यावरील चित्रेही त्याला तेच सांगत असतात. परंतु त्याच धुराने हृदयाच्या धमन्या बिघडतात आणि कर्करोगाची गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, ही गोष्ट त्याच्या मनावर तितकी ठसलेली नसते. धूम्रपान करणारा मनुष्य खोकला वाढला की घाबरतो. छातीत दडपण आले की मात्र ‘गॅस झाला’ म्हणून चूर्ण मागतो.

गेल्या काही वर्षांत दीर्घकाल धूम्रपान करणाऱ्यांसाठी लो-डोस सी. टी. स्कॅन या तपासणीचा प्रसार होत आहे. परदेशी स्थायिक झालेले रुग्ण सुटीत घरी येताना तेथील अहवाल सोबत आणतात. आपल्याकडील मोठ्या शहरांतील रुग्णालयांतही ही तपासणी करून घेता येते. असा अहवाल वैद्याच्या मेजावर येतो तेव्हा त्यातील कोणत्या ओळी वाचाव्यात आणि वाचून काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. लेखाचा आशय एका वाक्यात सांगायचा तर असा : फुप्फुसांत गाठ नाही एवढ्यावर रुग्णाला निश्चिंत करू नये, त्याच तपासणीच्या निमित्ताने त्याचे हृदय राखण्याची संधी साधावी.

तपासणीचे स्वरूप

या तपासणीत रुग्णाला क्षणभर श्वास रोखावयास सांगून छातीचे सी. टी. चित्रण केले जाते. कोणतेही औषध शिरेतून द्यावे लागत नाही. किरणांची मात्रा सरासरी दीड मिलिसीव्हर्टच्या आसपास, म्हणजे नेहमीच्या छातीच्या सी. टी. स्कॅनपेक्षा बरीच कमी असते.

अमेरिकेत ३३ केंद्रांवर झालेल्या नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल या चाचणीने तिला शास्त्रीय आधार मिळवून दिला. २००२ ते २००४ या काळात ५५ ते ७४ वर्षे वयाच्या ५३,४५४ व्यक्तींची त्यात नोंदणी झाली. सर्वांचे धूम्रपान किमान ३० पॅक-इयर इतके होते. निम्म्या व्यक्तींची वर्षातून एकदा याप्रमाणे तीन वेळा लो-डोस सी. टी. तपासणी झाली, तर उरलेल्यांचा साधा एक्स-रे काढण्यात आला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सी. टी. गटात फुप्फुसांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. नेदरलँड्स व बेल्जियम येथील नेल्सन चाचणीत दहा वर्षांअखेर पुरुषांमध्ये ही घट २४ टक्के होती. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

पॅक-इयर म्हणजे काय, हे येथे स्पष्ट करणे इष्ट होईल. रोज २० सिगारेट एक वर्ष ओढल्यास एक पॅक-इयर होते. रोज १० सिगारेट ४० वर्षे ओढणाऱ्याची बेरीज २० पॅक-इयर भरते. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२१ मध्ये ही तपासणी ५० ते ८० वर्षे वय, किमान २० पॅक-इयर आणि धूम्रपान चालू असणे अथवा १५ वर्षांच्या आत सोडलेले असणे, अशा व्यक्तींसाठी सुचविली. दक्षिण कोरियाने २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे २०१६ मध्ये बाजारसंकुलांच्या वाहनतळांवर फिरते सी. टी. यंत्र उभे करून प्रयोग झाला आणि २०२३ मध्ये तेथील शासनाने देशव्यापी विस्तार जाहीर केला.

भारतात असा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण अनेकांच्या फुप्फुसांत असतात. ते गाठीसारखे भासून अनावश्यक धावपळ होऊ शकते. अमेरिकेच्या उपरोक्त चाचणीतही सी. टी. गटातील ‘संशयास्पद’ निष्कर्षांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निष्कर्ष पुढे कर्करोगाचे नसल्याचे सिद्ध झाले. म्हणून ही तपासणी सरसकट सर्वांना सुचवू नये. पात्र व्यक्तीनेच फुप्फुसतज्ज्ञाच्या सल्ल्याने करून घ्यावी. आपला विषय त्यापुढचा आहे.

मृत्यूंचा हिशेब

याच चाचणीतील मृत्यूंची कारणनिहाय नोंद पाहिली असता एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते. सी. टी. गटात झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे २३ टक्के फुप्फुसांच्या कर्करोगाने झाले, तर हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे २६ टक्के. म्हणजे ज्यांना कर्करोगापासून वाचविण्यासाठी हा खटाटोप होता, त्यांतील कर्करोगाने जितके दगावले त्याहून थोडे अधिक हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेले. तपासणी निष्फळ ठरली, असा याचा अर्थ नव्हे. तिने आपले काम केले. परंतु या रुग्णाचा दुसरा शत्रू तितकाच बलवान आहे आणि त्याच्याविरुद्धची उपाययोजना स्वतंत्रपणे करावी लागते.

भारतीयांच्या बाबतीत हा इशारा अधिक गंभीर आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाच्या विश्लेषणात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील लोकांना जवळजवळ ५९ व्या वर्षी आल्याचे दिसले. त्याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हृदयविकाराचा धोका दुपटीहून अधिक आढळला. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा मिश्री, तंबाखू-चुना व गुटखा यांचे व्यसन कितीतरी अधिक आहे आणि अनेक रुग्ण दोन्ही करतात. ‘सिगारेट सोडली, आता फक्त तंबाखू खातो’ असे सांगणारा रुग्ण हृदयाच्या दृष्टीने सुरक्षित झालेला नसतो.

एकाच चित्रात दोन अवयव

लो-डोस सी. टी. मध्ये फुप्फुसांबरोबर हृदयही चित्रित होते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भित्तीत कॅल्शियम साचले असेल तर ते पांढऱ्या ठिपक्यांच्या किंवा रेघांच्या रूपाने दिसते. हे कॅल्शियम म्हणजे धमनीभित्तीत मेदसंचय व शोथ दीर्घकाळ चालू असल्याची खूण होय. १९९० पासून त्याचे मोजमाप अ‍ॅगॅट्स्टन यांच्या पद्धतीने केले जाते : शून्य, १ ते १००, १०१ ते ४०० आणि ४०० च्या वर अशा त्याच्या ढोबळ पायऱ्या आहेत. लो-डोस तपासणीत चित्रण हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेले नसते. त्यामुळे आकडा नेहमीच मिळत नाही. तथापि सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी करता येते, आणि छातीच्या अशा प्रत्येक स्कॅनमध्ये तिची नोंद व्हावी, अशी शिफारस अमेरिकेतील संबंधित तज्ज्ञसंघटनांनी २०१६ मध्ये केली आहे.

उदाहरणादाखल असे समजू की, ५८ वर्षे वयाचा एक ट्रकचालक आहे. रोज १५ सिगारेट, ३० वर्षे. म्हणजे साडेबावीस पॅक-इयर. त्याच्या अहवालात पुढील तीन नोंदी आहेत : फुप्फुसांत संशयास्पद गाठ नाही, फुप्फुसांच्या वरच्या भागांत सौम्य एम्फिसीमा, डाव्या पुढच्या हृद्धमनीत मध्यम प्रमाणात कॅल्शियम. रुग्ण पहिली ओळ वाचतो, सुटकेचा निःश्वास टाकतो आणि रुग्णालयाच्या फाटकाबाहेर सिगारेट पेटवितो. तिसऱ्या ओळीकडे त्याचे लक्ष वेधणारा कोणी भेटला नाही, तर या तपासणीचा अर्धा लाभ वाया गेला असे समजावे.

कॅल्शियमसंबंधी तीन गैरसमज रुग्णांत आढळतात. त्यांचे निराकरण वैद्याने अवश्य करावे.

पहिला, ‘दूध, कॅल्शियमच्या गोळ्या किंवा शंखभस्म, प्रवाळ घेतल्याने हे साचले असावे.’ मुळात ही धमनीभित्तीतील विकृतीची परिणती आहे. आहारातील दूध बंद केल्याने ती ओसरत नाही.

दुसरा, ‘हे कॅल्शियम विरघळविणारे औषध द्या.’ असे सिद्ध झालेले औषध कोणत्याही शास्त्रात नाही. स्टॅटिन गटातील औषधांनी झटक्याचे प्रमाण कमी होते, तरीही कॅल्शियमचा आकडा उतरत नाही. उलट क्वचित वाढतो, कारण मृदू संचय कठीण व स्थिर होतो. म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन करून औषधाचा गुण तपासणे निरर्थक आहे. ‘ब्लॉकेज वितळविण्याचा’ दावा करणाऱ्या जाहिरातींपासून आपण स्वतः दूर राहावे आणि रुग्णालाही दूर ठेवावे.

तिसरा, ‘कॅल्शियम शून्य आहे, म्हणजे हृदय उत्तम आहे.’ धूम्रपान न करणाऱ्यास हा दिलासा बऱ्याच अंशी खरा आहे. परंतु अमेरिकेतील हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात शून्य अंक असता स्टॅटिन पुढे ढकलता येते असे सांगताना धूम्रपान करणारे, मधुमेही आणि घरात अल्पवयात हृदयविकार झालेले यांना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या धमनीतील मृदू, कॅल्शियमविरहित संचयही फुटून गुठळी होऊ शकते. त्याच मार्गदर्शनानुसार अंक १०० किंवा अधिक असल्यास स्टॅटिन सुचविले जाते, आणि १ ते ९९ असल्यास विशेषतः ५५ वर्षांवरील व्यक्तीत त्याचा विचार केला जातो.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

फुप्फुस व हृदय यांचा असा एकत्र विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात प्राणवह स्रोतसांचे मूल म्हणून हृदय व महास्रोतस यांचा निर्देश केला आहे. श्वास-कासाचा रुग्ण तपासताना मूलस्थानाची परीक्षा करावी, हे त्यातून ओघानेच येते. शिर, हृदय व बस्ती या त्रिमर्मांत हृदयाची गणना होते, आणि मर्माचे परिपालन हे व्याधी उत्पन्न होण्यापूर्वीचे कर्तव्य आहे.

तंबाखू ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ती आपल्याकडे रुजली. त्यामुळे बृहत्त्रयीत तिचे वर्णन नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात आलेले धूमपान हे औषधी द्रव्यांचे, ठराविक काळी व ठराविक मात्रेत करावयाचे कर्म आहे. अकाली व अति धूमपानाचे उपद्रवही तेथेच वर्णिले आहेत. बिडी-सिगारेटच्या समर्थनार्थ त्या अध्यायाचा आधार घेणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

गुणांच्या भाषेत तंबाखूचा धूर तीक्ष्ण, उष्ण, रूक्ष म्हणता येईल. त्याने वात-पित्ताचा प्रकोप, रसरक्ताची दुष्टी व कालांतराने ओजाचा क्षय संभवतो. आधुनिक परिभाषेत निकोटिनमुळे हृद्गती व रक्तदाब वाढतो, कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, धमनीचे अंतःस्तर बिघडते आणि रक्तातील बिंबिका चिकट होऊन गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. चरकांनी कफाच्या नानात्मज विकारांत धमनीप्रतिचय व हृदयोपलेप यांची गणना केली आहे. सी. टी. वर दिसणारे कॅल्शियम म्हणजे धमनीप्रतिचयच, असे समीकरण मांडण्याची घाई करू नये. तथापि स्रोतोरोधाच्या दिशेने विचार करण्यास त्या संकल्पना निश्चित उपयोगी पडतात.

वैद्याने करावयाची परीक्षा

दीर्घकाल धूम्रपान करणारा, चाळिशी ओलांडलेला कोणताही रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी आला तरी पुढील गोष्टी केसपेपरवर नोंदवाव्यात.

१. व्यसनाचा हिशेब : रोज किती, किती वर्षे, बिडी की सिगारेट, सोबत मिश्री किंवा तंबाखू आहे काय. बिडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून जोराने व वारंवार ओढावी लागते. तिला ‘हलकी’ समजू नये. बिड्यांची संख्या स्वतंत्रपणे लिहावी.

२. रक्तदाब दोन्ही हातांवर, किमान दोन भेटींत. वजन व कमरेचा घेर.

३. उपाशीपोटी रक्तशर्करा अथवा एच.बी.ए.वन.सी., लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनीन, ई.सी.जी. मात्र विश्रांतीच्या वेळचा ई.सी.जी. निर्दोष असला म्हणजे हृद्धमन्या निर्दोष असे नव्हे.

४. घरात पुरुषांना ५५ च्या आत किंवा स्त्रियांना ६५ च्या आत हृदयविकार झाला होता काय.

५. श्रमश्वासाची बारकाईने चौकशी. जिना चढताना लागणारी धाप ‘दम्याची’ म्हणून सोडून देऊ नये. धूम्रपान करणाऱ्यात फुप्फुसविकार व हृद्धमनीविकार पुष्कळदा एकत्र नांदतात आणि छातीत न दुखता केवळ धाप लागणे हे हृदयाचेही लक्षण असू शकते.

६. सी. टी. चा अहवाल असल्यास तो संपूर्ण वाचावा. कॅल्शियमची नोंद नसेल तर ती करून देण्याची विनंती किरणतज्ज्ञाकडे करता येते. त्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागत नाही.

मध्यम अथवा तीव्र कॅल्शियम आढळल्यास, किंवा श्रमाने छातीत दडपण येत असल्यास, हृदयरोगतज्ज्ञाकडे पत्र देऊन पाठवावे. पत्रात आपण देत असलेल्या औषधांची नावे लिहावीत.

धूम्रपानत्याग हीच मुख्य चिकित्सा

निदानपरिवर्जनावाचून येथे दुसरे काहीही फलद्रूप होत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासाच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात किमान २० पॅक-इयर धूम्रपान केलेल्यांनी ते सोडल्यावर पाच वर्षांच्या आत, चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका ३९ टक्क्यांनी कमी दिसला. कोणत्याही एका औषधाकडून यापेक्षा अधिक अपेक्षा करणे कठीण आहे. मात्र कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या पातळीवर येण्यास त्यानंतरही अनेक वर्षे लागतात; म्हणून सोडल्यानंतरही हृदयाची काळजी चालू ठेवावी लागते.

‘दहावरून दोनवर आणली’ असे रुग्ण अभिमानाने सांगतो. त्याचे कौतुक करावे, पण तेथे थांबू देऊ नये. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलित विश्लेषणात रोज एकच सिगारेट ओढणाऱ्यांमध्येही हृद्धमनीविकाराचा जादा धोका, रोज २० ओढणाऱ्यांच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा आढळला. कर्करोगाचा धोका मात्रेच्या प्रमाणात उतरतो, हृदयाचा तसा उतरत नाही.

येथे पादांशिक क्रमाचा प्रश्न उपस्थित होतो. अहितकर सात्म्याचा त्याग चतुर्थांशाने करावा, हा चरकोक्त क्रम आपणा सर्वांना परिचित आहे आणि आहार-विहाराच्या बहुतेक सवयींत तो अनुभवास उतरतो. तंबाखूच्या बाबतीत मात्र २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका चाचणीत ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवड्यांत कमी करीत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के चार आठवड्यांअखेर व्यसनमुक्त राहिले. दोन्ही गटांना समुपदेशन व निकोटिनयुक्त साहाय्यक औषधे मिळत होती. यावरून रुग्णास प्रथम एक निश्चित दिवस ठरवून पूर्ण त्याग सुचवावा. ज्याला ते सर्वथा अशक्य वाटते त्याच्यासाठी पादांशिक क्रम योजावा, परंतु त्यालाही शेवटची तारीख असावी. तारखेविना केलेली घट पुन्हा मूळ पदावर येते.

त्यागानंतरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचीड, अनिद्रा, मलावष्टंभ व भूक वाढणे ही लक्षणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. या काळात बडीशेप, ओवा किंवा लवंग तोंडात धरणे, कोमट जलपान, कवलधारण, रात्री त्रिफळा, पादाभ्यंग व शांत अनुलोम-विलोम यांचा उपयोग करावा. केवळ एवढ्याने न भागल्यास निकोटिन च्युइंगम वा पट्टी, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, सायटिसिन यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शनात केली आहे. त्यांसाठी योग्य तज्ज्ञाकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. १८००-११-२३५६ ही शासकीय दूरध्वनीसेवा विनामूल्य आहे. तो क्रमांक चिकित्सालयात लावावा.

एक सूचना महत्त्वाची आहे. धुरातील द्रव्यांमुळे यकृतात थिओफायलिनचे विघटन वेगाने होत असते. दम्यासाठी हे औषध घेणाऱ्याने धूम्रपान सोडल्यास तीच मात्रा अधिक ठरून हृत्स्पंदन व मळमळ होऊ शकते. हा ‘सोडल्याचा त्रास’ समजू नये. मात्रेचा फेरविचार करून घ्यावा.

औषधयोजनेचा विवेक

अर्जुन हे हृद्य द्रव्य म्हणून सर्वमान्य आहे. चक्रदत्ताच्या हृद्रोगाधिकारात अर्जुनत्वचा दूध, तूप इत्यादींसह सांगितली आहे. इंदूर येथे १८ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहान अभ्यासात अर्जुनाच्या दोन आठवड्यांच्या प्रयोगाने धमनीच्या अंतःस्तराचे कार्य सुधारलेले आढळले. हा निष्कर्ष आशादायक आहे. तथापि १८ व्यक्तींतील दोन आठवड्यांची सुधारणा आणि झटक्यांची प्रत्यक्ष घट यांत मोठे अंतर आहे. अर्जुन क्षीरपाक पूरक म्हणून अवश्य द्यावा. रक्तदाबाची किंवा स्टॅटिनची चालू गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नये, आणि रुग्णाने परस्पर बंद केली असल्यास ती पुन्हा सुरू करण्यासाठी त्याला तज्ज्ञाकडे पाठवावे.

गुग्गुळाविषयी तारतम्य हवे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क घेऊनही एल.डी.एल. कमी झाले नाही, किंचित वाढले. शिवाय गुग्गुळाने डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल यांचे शोषण घटल्याचे आढळले आहे. आमवातासाठी तो देताना रुग्ण हृदयाची कोणती औषधे घेतो, हे विचारावे.

श्वास-कासाच्या नेहमीच्या औषधांतही हृदयाच्या दृष्टीने काही पथ्ये आहेत. सोमलतेत एफेड्रिन असते. त्याने हृद्गती व रक्तदाब वाढतो, म्हणून हृद्धमनीविकाराची शंका असलेल्यात ती टाळावी. कनकासवातील धत्तुराने हृद्गती वाढते. ज्येष्ठमध अल्पकाळ उत्तम. परंतु महिनोन्‌महिने अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटते, आणि धूम्रपान करणारा तर खोकल्यासाठी ते वर्षभर चघळत असतो. लवणभास्कर चूर्णासारखे लवणप्रधान योग उच्च रक्तदाबात रोजचे करू नयेत. स्कॅनमध्ये गाठ आढळून बायोप्सी ठरली असेल, तर औषधी मात्रेतील लसूण काही दिवस आधी थांबवावी आणि ही माहिती शल्यचिकित्सकास द्यावी.

वासंतिक वमनाच्या शिबिरात असे रुग्ण कफप्रधान कास घेऊन हमखास येतात. कफज हृद्रोगात वमन सांगितले असले तरी अवम्यांच्या गणनेत हृद्रोगीचाही समावेश आहे. म्हणून रक्तदाब, ई.सी.जी. व श्रमलक्षणे पाहिल्याशिवाय त्यांना वमन देऊ नये. त्याचप्रमाणे अहवालात फुप्फुसांत मोठे बुले म्हणजे हवेचे फुगे नमूद असल्यास कुंभक, भस्त्रिका व जोराची कपालभाती वर्ज्य करावी.

आहाराबाबत विस्तार नको. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, लोणचे, पापड, फरसाण व बेकरीचे पदार्थ मर्यादित, भाज्या, मूग, ताक, फळे व मूठभर सुका मेवा, तेल-तूप मोजून, आणि रोज अर्धा तास चालणे. धूम्रपान सोडल्यावर वजन वाढते, या भीतीने अनेकजण पुन्हा ओढू लागतात. त्यांना चालण्याचे महत्त्व आधीच सांगून ठेवावे.

औषध विक्रेत्यांसाठी

दुकानाच्या फळीवर उभा असलेला विक्रेता अनेकदा वैद्याच्या आधी रुग्णास भेटतो. त्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, पन्नाशीच्या आसपासचा धूम्रपान करणारा मनुष्य घामाघूम होऊन छातीतील जळजळीसाठी चूर्ण मागत असेल, वेदना जबड्यात, खांद्यात किंवा हातात जात असेल, तर हिंग्वष्टक देऊन त्याला वाटेला लावू नये. त्याला बसवावे, १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि ई.सी.जी. ची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. चूर्णाने बरे वाटले, तरीही.

दुसरी, वनौषधींच्या बिड्या तंबाखूविरहित असल्या तरी त्यांच्या जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड व काजळी निर्माण होतेच. व्यसनमुक्तीचे साधन म्हणून त्यांची विक्री करणे हृदयाच्या हिताचे नाही. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे, हेही विसरू नये.

तिसरी, खोकल्याचे तेच औषध दर महिन्याला नेणाऱ्या गिऱ्हाइकास ‘वैद्यांना किंवा डॉक्टरांना एकदा दाखवा, रक्तदाबही तपासून घ्या’ एवढे एक वाक्य सांगावे. दुकानात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवल्यास फारच उत्तम.

उपसंहार

लो-डोस सी. टी. करून घेणारा रुग्ण त्या दिवशी भयभीत असतो आणि म्हणूनच ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतो. अहवाल निर्दोष आला की आठवडाभरात ती मनःस्थिती जाते. त्या आठवड्यात त्याच्याशी बोलणारा वैद्य त्याला दोन गोष्टी देऊ शकतो : त्यागाचा निश्चित दिवस आणि हृदयाच्या परीक्षेचा निश्चित आराखडा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाबमापक, केसपेपर, थोडा वेळ आणि तज्ज्ञाकडे पाठविण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. ज्यांनी कधीच स्कॅन केला नाही आणि जे कधी करणारही नाहीत, अशा बिडी ओढणाऱ्या असंख्य रुग्णांनाही हाच आराखडा जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या संघटनेच्या सभासदांनी केसपेपरवर ‘धूम्रपान’ हा रकाना छापून घेतला आणि तो प्रत्येक भेटीत भरला, तरी या कार्याचा शुभारंभ होईल.